मणका 'बसवताना' कट् आवाज येतो तेव्हा आत नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय ३८, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम, वर्षभरापासून कंबर अधूनमधून धरते. कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे, दोन सेशन झाले, कडाकडा आवाज आले, दोन दिवस एकदम हलकं वाटलं आणि मग परत जैसे थे. तिथे सांगितलं की मणका सरकलाय, जागेवर बसायला २४ सेशनचं पॅकेज घ्यावं लागेल. हे खरं आहे का, शरीरात नक्की बदलतं काय, आणि ६४ वर्षांच्या आईची मान कायम आखडलेली असते तर तिलाही दाखवू का, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मॅन्युअल थेरपी म्हणजे हाताने करायचे उपचार हेच रोजचं काम आणि मॅनिप्युलेशन, म्हणजे सांध्याला द्यायचा तो वेगवान झटका, मी स्वतः करते, त्यामुळे या प्रकाराला माझा सरसकट विरोध नाही हे आधीच सांगते. योग्य पेशंटला योग्य वेळी दिलं तर फायदा होतो, तुम्हाला दोन दिवस हलकं वाटलं ते खरंच होतं, मनाचे खेळ नव्हते. पण मणका सरकला होता आणि आम्ही तो बसवला, हे जे सांगितलं जातं ना, ते बरोबर नाही, आणि मला त्याचं वाईट अशासाठी वाटतं की त्या एका वाक्यामुळे धडधाकट माणसं वर्षानुवर्षं स्वतःच्या पाठीला घाबरून जगताना मी बघते.

आधी करतात काय ते बघू. कमरेसाठी तुम्हाला कुशीवर झोपवलं असेल, खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून त्याचा पंजा खालच्या पायाच्या गुडघ्यामागे अडकवलेला, मग तुमचा वरचा खांदा हळूहळू मागे फिरवत नेला असेल आणि कमरेचा भाग पुढे. हे पिळत पिळत नेताना एक जागा अशी येते की तिथे सगळी ढील संपते, पुढे जायला टिश्यू विरोध करायला लागतात. आमच्या भाषेत स्लॅक काढणं. खरी कसब इथे असते, धक्क्यात नाही. मग श्वास सोडायला सांगतात आणि सोडता सोडता एक छोटा, वेगवान झटका. तो साधारण ०.१ ते ०.२ सेकंदात संपतो, स्नायूंनी प्रतिक्रिया देऊन आवळायच्या आत. मानेला देतात तेव्हा जोर साधारण १०० न्यूटनच्या आसपास असतो, पाठीला ३०० ते ४०० न्यूटन, म्हणजे ३०-४० किलो वजन क्षणभर ठेवल्यासारखं. अंतर मात्र फारच कमी. मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना जे छोटे सांधे असतात, फॅसेट जॉइंट, ते या झटक्याने एखाद्या मिलिमीटरच्या आसपास उघडतात, एमआरआयमध्ये हे मोजलेलं आहे, आणि झटका संपला की सांधा आपल्या जागी परत येतो.

आता आवाज. तो हाड हाडावर घासल्याचा नाही आणि हाड खटकन जागेवर गेल्याचा तर नाहीच. या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो, सायनोव्हियल फ्लुइड, त्यात कार्बन डायऑक्साइडसारखे वायू विरघळलेले असतात. सांधा एकदम ओढला की आतला दाब झपकन उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. १९७१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी बोटांच्या सांध्यांवर प्रयोग करून सांगितलं होतं की आवाज हा बुडबुडा फुटल्याचा असतो, मग २०१५ साली कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीत एमआरआय चालू ठेवून बोटं ओढली तर दिसलं की आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होते आणि आवाजानंतरही ती तशीच दिसत राहते, आणि पुन्हा २०१८ साली एका गणिती मॉडेलवरून म्हटलं गेलं की बुडबुडा अर्धवट फुटला तरी एवढा आवाज येऊ शकतो. म्हणजे बारकाव्यावर वाद चालू आहे, पण सगळे बोलतायत ते वायूच्या पोकळीबद्दल, हाडाच्या जागेबद्दल कोणीच नाही. एकदा आवाज आला की तोच सांधा पुढची साधारण २० मिनिटं परत वाजत नाही कारण वायू पुन्हा विरघळायला तेवढा वेळ लागतो, बोटं मोडून बघा, लगेच कळेल. आणि बोटं मोडून संधिवात होतो का हे सगळेच विचारतात म्हणून सांगते, अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी ५० हून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची नाही, दोन्ही हातांत काही फरक पडला नाही. एका माणसाचा प्रयोग आहे, पण बाकीचे अभ्यासही साधारण त्याच बाजूचे आहेत.

आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असंही नसतं. आवाज न येता बरं वाटणारे पुष्कळ आहेत आणि भरपूर वाजूनही काहीच फरक न पडणारेही. शिवाय तो आवाज नेमका कुठल्या मणक्यातून आला हे बघायला २००४ साली कॅनडात २८ कायरोप्रॅक्टर्सवर अभ्यास झाला, तर कमरेत ठरवलेल्या जागेपासून आवाज सरासरी ५ सेंटीमीटरहून जास्त लांबून येत होता. म्हणजे ठरवला एक मणका, वाजला त्याच्या वरचा किंवा खालचा, बऱ्याचदा एकापेक्षा जास्त. तरी लोकांना बरं वाटतंच की! आता एल-४ म्हणजे कमरेचा चौथा मणका सरकलाय, तोच बरोबर बसवला म्हणून आराम पडला, असं म्हणायचं तर ते या आकड्यांत कुठे बसतं?

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९९८ सालचा स्वीडनमधला अभ्यास. माकडहाडाच्या वरच्या अंगाला, कमरेखाली दोन्ही बाजूंना जो एसआय जॉइंट असतो, तो एका बाजूचा 'सरकलाय' असं तपासणीत वाटणारे १० पेशंट घेतले, त्यांच्या हाडांत टॅन्टलम धातूचे बारीक मणी बसवले आणि मॅनिप्युलेशनच्या आधी आणि नंतर अत्यंत अचूक एक्स-रे पद्धतीने जागा मोजली. हाताने केलेल्या टेस्ट आधी बिघडलेल्या दिसत होत्या त्या नंतर नॉर्मल झाल्या. हाडांची जागा? काहीच बदलली नाही. म्हणजे तपासणाऱ्याच्या हाताला फरक लागला, आणि हाड होतं तिथेच होतं. तेव्हा 'बघा तुमचा एक पाय आखूड होता, आता सारखा झाला' हे दाखवतात त्यालाही फार भुलू नका, बहुतेक सगळ्यांचे पाय काही मिलिमीटरने कमीजास्त असतातच, आणि टेबलावर माणूस कसा पडलाय, कंबर कुठल्या बाजूला आवळलीय, बूट कसा धरलाय यावर ते दिसणं बदलतं.

मग बदललं काय? मुख्यतः नर्व्हस सिस्टीमचं वागणं. सांध्याच्या आवरणात, लिगामेंटमध्ये आणि मणक्यालगतच्या खोल स्नायूंमध्ये ताण आणि हालचाल ओळखणारे सेन्सर भरलेले असतात. अचानक एवढा वेगवान ताण बसला की तिथून संदेशांचा लोंढा मज्जारज्जूकडे जातो. तिथे वेदनेचे संदेश पुढे पाठवायचे की दाबायचे याचा हिशेब सतत चालू असतो आणि या लोंढ्याने तो हिशेब काही काळ बदलतो, वेदनेचा आवाज खाली येतो. वर मेंदूकडून खाली येणारी स्वतःची वेदनाशामक यंत्रणा असते तीही यात भाग घेते असं दिसतं. झटका बसताना पाठीच्या स्नायूंमध्ये क्षणभर रिफ्लेक्स उठलेला ईएमजीवर, म्हणजे स्नायूंची विद्युत हालचाल नोंदवणाऱ्या तपासणीत, दिसतो आणि त्यानंतर जो स्नायू सारखा आवळून पहारा देत होता तो थोडा सोडतो, म्हणून हालचाल वाढते. दाबलं की दुखणारी जागा आता जास्त दाब सहन करते, हे यंत्राने मोजता येतं. आणि हो, यात अपेक्षेचाही वाटा आहे, आवाज ऐकू येणं, कोणीतरी नीट हात लावून तपासणं, आता बरं वाटणार हा विश्वास, हे सगळं वेदनेवर खरोखर परिणाम करतं, त्याला खोटं म्हणून झटकू नये. पण हे सगळं किती वेळ टिकतं? कोणाला काही तास, कोणाला तुमच्यासारखे दोन दिवस. म्हणून 'परत सरकला वाटतं' असं जे तुमच्या मनात आलं असेल, ते तसं नाही, काही सरकलं नव्हतं आणि परत सरकलंही नाही, संवेदनशीलता खाली आली होती ती परत वर गेली, एवढंच.

काय होत नाही तेही सांगते. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, बाहेर आली असेल तर झटक्याने ती आत जात नाही. ती बऱ्याच जणांची काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून कमी करतं, आणि श्रेय मात्र त्या काळात जो उपचार चालू असतो त्याला जातं. मणक्यातला 'गॅप' भरत नाही, झीज मागे जात नाही. आणि एमआरआयच्या रिपोर्टवर किती घाबरायचं तेही बघा, २०१५ साली अशा लोकांचे स्कॅन एकत्र तपासले ज्यांना पाठदुखी नव्हतीच, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज होती आणि ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. दुखत नसताना! तुमच्या वयाला रिपोर्टवर डिस्क बल्ज असं लिहून आलं तर त्यात जगावेगळं काहीच नाही.

जागेवरून हाड सरकण्याची ही कल्पना आली कुठून, तर डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसाने १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये हार्वी लिलार्ड या बहिऱ्या झालेल्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असं सांगितलं. त्यावरून पामरने मांडलं की जवळपास सगळे आजार मणका सरकून नसा दबल्यामुळे होतात. ऐकण्याची नस तर कवटीच्या आतच मेंदूला मिळते, पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. पण कल्पना टिकली. आज कायरोप्रॅक्टर्समध्येच दोन तट आहेत, ब्रिटनमधल्या त्यांच्याच जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० साली स्पष्ट म्हटलं की मणका सरकून आजार होतो याला पुरावा नाही, ती ऐतिहासिक संकल्पना आहे. तिकडे चांगलं शिकलेले, पुराव्यावर चालणारे कायरोप्रॅक्टर भरपूर आहेत. आपल्याकडे ही कल्पना पटकन रुजली कारण ती ओळखीचीच होती, उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणारी घरं आजही आहेत, गावोगावी हाडवैद्य आहेत, सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेणारे आहेत. फक्त आता ते रीलवर आलं, माइक लावून आवाज मोठा करून.

फायदा किती, याचंही प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. नवीन धरलेल्या कंबरेसाठी २०१७ साली २६ चाचण्या एकत्र करून बघितल्या तर वेदना १०० च्या मापावर साधारण १० ने कमी झाली. थोडका फायदा, पण आहे. जुनाट कंबरदुखीसाठी २०१९ साली ४७ चाचण्या आणि ९ हजारांहून जास्त पेशंट बघितले, निष्कर्ष असा की मॅनिप्युलेशन हे व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकंच चालतं, जास्त नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये तर लिहिलंय की हे द्यायचं असेल तर व्यायामाच्या जोडीनेच द्या, एकटं नको. मायग्रेनचं वगैरे बोलत नाही मी, दमा, बीपी, थायरॉइड, बाळाचं रडणं असल्या गोष्टींसाठी कोणी मणके दाबून देत असेल तर तिथून उठून या.

त्यामुळे तुमचं २४ सेशनचं पॅकेज घेऊ नका. पहिल्या दोन-चार वेळांत सुधारणा टिकायला लागली नाही तर पुढची वीस वेळा तेच करून टिकेल याला काही आधार नाही, आणि आधीच पैसे भरून ठेवले की थांबायचा निर्णय घेणं अवघड होतं. जे दोन दिवस हलके गेले ते मात्र फुकट घालवू नका. माझ्याकडे असाच एक बँकेतला पेशंट येतो, पुढे वाकून मोजे घालता येत नव्हते, खाली वाकायचं नाही असं कोणीतरी सांगितलेलं आणि तो बिचारा दोन वर्षं काठीने मोजे चढवत होता. कमरेला मॅनिप्युलेशन दिलं, दुखणं उतरलं, आणि त्याच दिवशी, टेबलावरून उतरल्या उतरल्या त्याला आधी खुर्चीवर बसून वाकायला लावलं, मग उभ्याने, मग रिकामी बादली उचलायला, पुढच्या आठवड्यात अर्धी भरलेली. घाम फुटला होता त्याला भीतीने, दुखण्याने नाही. झटक्याचं काम एवढंच होतं की ती पहिली हालचाल शक्य व्हावी, बाकी काम बादलीने केलं. तुम्हीही हलकं वाटेल तेव्हा चाला, दर अर्ध्यापाऊण तासाला खुर्चीतून उठा, आणि कंबर व मांड्यांची ताकद वाढवणारे व्यायाम एखाद्या फिजिओकडून शिकून घ्या, वजन हळूहळू वाढवत. सेशननंतर एकदोन दिवस अंग दुखणं, जडपणा हे जवळपास निम्म्या लोकांना होतं, त्याला घाबरू नका. पण पायात ताकद कमी वाटली, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

आणखी एक, आपल्याकडे हे विसरून चालत नाही. मणक्याचा टीबी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी एकाच जागची कळ, असं असेल तर आधी डॉक्टर, तपासण्या, आणि तोवर त्या पाठीला कोणी हातही लावायचा नाही. आतून पोखरलेल्या मणक्यावर झटका बसला तर काय होईल ते सांगायला नको. कॅन्सर होऊन गेलेल्यांना, बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्यांना, पडून मार लागलेल्यांनाही हेच लागू.

आता आईची मान. माझं उत्तर नको असं आहे, झटका नको. कारण सांगते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन व्हर्टिब्रल आर्टरी मानेच्या मणक्यांच्या कडेच्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळण घेऊन कवटीत शिरतात. मान फिरवताना जवळपास अर्धी फिरकी याच पहिल्या-दुसऱ्या मणक्यात होते, म्हणजे मान पिळून झटका दिला की ताण नेमका तिथे. क्वचित आर्टरीचं आतलं अस्तर फाटतं, रक्ताची गाठ तयार होते आणि पक्षाघात येतो. किती क्वचित यावर वाद आहे, कॅनडातल्या ऑंटॅरिओच्या २००८ च्या अभ्यासात असा पक्षाघात आलेले लोक आधी कायरोप्रॅक्टरकडे गेले होते तसेच फॅमिली डॉक्टरकडेही गेले होते, म्हणजे आर्टरी आधीच फाटायला लागलेली असते आणि त्या दुखण्यासाठीच माणूस जातो हेही शक्य आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली म्हटलं की संबंध दिसतो, मॅनिप्युलेशनमुळेच होतं असं सिद्ध नाही, पण पेशंटला हे आधी सांगायलाच हवं. मला विचाराल तर धोका अगदी कमी धरला तरी समोर पर्याय काय आहे ते बघायचं. २०१२ साली अमेरिकेत मानेच्या नव्या दुखण्यावर २७२ लोकांची चाचणी झाली, मॅनिप्युलेशन आणि घरी करायचे साधे व्यायाम यांचा निकाल जवळपास सारखा, दोन्ही औषधांपेक्षा बरे. तेवढाच गुण घरच्या व्यायामाने येत असेल तर ६४ वर्षांच्या बाईची मान झटक्याने कशाला फिरवायची? आणि सलूनमध्ये मान मोडून घेणं तर कोणीच करू नये, त्यातून श्वासाचा पडदा हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हला इजा झाल्याच्या केसेस आपल्याकडे छापून आल्या आहेत.

आईला हे प्रश्न विचारा. ब्लाउजचे हुक लावताना, साडीच्या निऱ्या करताना बोटं पूर्वीसारखी चालतात का? चालताना तोल जातो का, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही असं होतं का? यातलं काही हो असेल तर मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो, मग आधी ऑर्थो किंवा न्यूरोला दाखवून एमआरआय, आणि तोवर मालिश करणाऱ्या बाईलाही मानेला हात लावू देऊ नका. आमवात म्हणजे रुमॅटॉइड असेल तर फिजिओला पहिल्याच भेटीत सांगा, त्यात वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत तर हाडांची घनता तपासलेली आहे का तेही बघा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगायची. हे सगळं ठीक असेल तर झटक्याशिवायही हाताने बरंच करता येतं, मेटलँड किंवा मलिगन पद्धतीने हळू, लयीत सांधा हलवतात, पेशंट कुठल्याही क्षणी थांबा म्हणू शकतो, आपल्याकडे बहुतेक फिजिओंना ते येतं. जोडीला उशीची उंची, गरम शेक, खांदे आणि मानेचे हलके व्यायाम दिवसातून दोनतीनदा. आणि कधीही, उपचारानंतर किंवा एरवीही, पूर्वी कधीच झालं नाही असं एकाएकी मान-डोकं दुखायला लागलं, चक्कर, डोळ्यांना दोन दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, असं काही झालं तर फिजिओला फोन करत बसू नका, थेट जिथे सीटी-एमआरआयची सोय आहे अशा हॉस्पिटलला न्या.